उलट निघालेला बैल

अकरा पाट्या आल्या वर्कशॉपमधून, गुरुवारी,
खोक्यात, मध्ये तपकिरी कागद घालून,
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.
आकडा बरोबर होता. राज्याचं नाव बरोबर.
फक्त वरचा बैल,
नेब्रास्काच्या रस्त्यारस्त्यावर जो
छताची गाडी ओढत एकाच बाजूला बघतो,
तो नेमका दुसरीकडे तोंड करून निघाला होता.

लव्हॉन कुद्रना म्हणाली, गाडीची फिल्म वेगळी,
आकड्याची वेगळी.
त्या दिवशी गाडीची पालथी पडली काचेवर.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणाली,
आणि कोरडेच हात ॲप्रनला पुसत राहिली.

चुका मी काय कमी पाहिल्यात?
एका बोल्टवर लोंबून सहाचा झालेला नऊ.
गावाकडच्या रस्त्याला चुकून केंद्राची ढाल,
थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी, खांद्यात सैल.
एका कंत्राटदाराने ढाल इतकी लठ्ठ कापली
की ट्रकवाले तिला कांदा म्हणायचे.
कांद्यापाशी डावीकडे वळा.
आणि खरंच, तिथे कुणी रस्ता चुकत नसे.
एका खांबावर ‘उत्तर’, त्याच्याखाली पुन्हा ‘उत्तर’,
एकदा सांगून कुणाला पटतंय!

पण हा बैल.
सात महिने उभा होता मक्याच्या कडेला
आणि ऑफिसात पत्र आलं एकच,
पेन्सिलीने लिहिलेलं, आठ वर्षांच्या पोराचं:
गाडी घरी चालली आहे का?

मग टीट्केसाहेबांचा हुकूम: शुक्रवारच्या आत सगळ्या उतरवा.

शिडी धरायला ऑर्व्हिल स्प्रिंगर होता,
ओमाहा जमातीचा, कमी बोलणारा.
पहिल्या पाटीखाली थांबला, मान वर करून.
हसू आधी त्याच्या खांद्यांत आलं, मग शिडीत,
मी वर, पाना हातात, हलतोय.
“दीडशे वर्षांनी,” तो म्हणाला,
“बैलाला सुचलं एकदाचं.”
मीही हसलो. जरा उशिरा.
माझे खापरपणजोबा अशाच गाडीतून आले होते,
एक मूल वाटेत पुरून.
त्या गाडीची एक बिजागरी आहे आमच्याकडे,
आई तिने पत्रं दाबून ठेवायची.
हे ऑर्व्हिलला सांगावंसं वाटलं.
मग वाटलं, त्याच्याकडे बिजागरीसुद्धा नसेल,
किंवा असेल, आणि ती मला दाखवण्याची त्याला गरज नसेल.
मी बोल्ट त्याच्या हातात दिला.

दहा उतरवल्या.
अकरावी इडेला पॉस्पिशिलच्या फाटकासमोर.
ती चपलांवरच बाहेर आली, वाऱ्यात, गाऊन धरून.
म्हणाली, “माझे तिघे डेन्व्हरकडे गेले, एकामागून एक,
ह्याच रस्त्याने.
ही पाटी लागल्यावर धाकटा आला होता, इस्टरला.
पाटीमुळे आला असं नाही म्हणत मी.
मला काय वेड लागलंय?
पण आला होता.”

ऑर्व्हिलने शिडी मिटवली.
मी काही म्हणालो नव्हतो.
तो म्हणाला, “बोल्ट गंजलाय.”
मी वर पाहिलं. बोल्ट नवा होता, चकचकीत.
“गंजलाय,” मी म्हणालो.

परतताना दोघंही गप्प.
तिला वाटतं, तो बैल कुणाला तरी घेऊन येतोय.
ह्याला वाटतं, कुणाला तरी घेऊन जातोय.
एकच बैल, एकच पत्रा,
आणि मी तर त्या गाडीतच बसलेला,
मला विचाराल तर सांगता येणार नाही.

फॉर्मवर रकाना होता: किती परत आल्या.
दहा.
उरलेल्या पाटीचं कारण.
मी लिहिलं, वारा.
टीट्केसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
खिडकीबाहेर पाहिलं,
बाहेर वारा होताच,
आणि सही केली.